जड गाडीलाही पट्टा लागतोच

"गाडी बाराशे किलोची आहे, ट्रेलरवरून जाणार कुठे? हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, झालं." हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला पटतंच. पण हे गणित चुकीचं आहे.

ओढणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला की ट्रेलर थांबू लागतो, वरची गाडी मात्र जडत्वामुळे पुढेच जाऊ पाहते. ती जितकी जड तितकं घर्षण जास्त, हे खरं. पण तितकंच तिला थांबवायला लागणारं बळही जास्त. वस्तुमान दोन्हीकडे येतं आणि कटून जातं! त्यात बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागची दोन चाकं धरतो, आणि गाडी पुढे झुकते तेव्हा भार नेमका त्याच चाकांवरून कमी होतो.

म्हणून माल बांधण्याचं युरोपीय मानक पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट बळ गृहीत धरतं, मागे आणि बाजूंना ०.५ पट. आपल्या गाडीसाठी ०.८ पट म्हणजे सुमारे ९,४०० न्यूटन. ते पेलतात मागच्या चाकांपासून मागे ओढलेले पट्टे.

आता मला सर्वांत आवडणारा भाग: ढिलाई. समजा पट्टा ५ सेंटिमीटर सैल आहे. ब्रेक लागताच गाडी तेवढं अंतर मोकळी सरकते, मग पट्टा आणखी ५ सेंटिमीटर ताणून तिला थांबवतो. बळाने कार्य केलं १० सेंटिमीटरवर, ते शोषायचं मात्र ५ सेंटिमीटरमध्ये. म्हणजे पट्ट्यांवरचा सरासरी ताण दुप्पट. पट्टा स्प्रिंगसारखा शून्यापासून ताणत जातो, म्हणून कमाल ताण सरासरीच्याही दुप्पट, एकूण चौपट: ३७,००० न्यूटनच्या वर. गाडी तीच, ब्रेक तोच, फरक फक्त तीन बोटं ढिलाईचा.

ही ढिलाई प्रवासात आपोआपही तयार होते. पट्टा गाडीच्या सांगाड्याला बांधला असेल, तर प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन दबतं, पट्टा सैल पडतो, हूक निसटू शकतो आणि गाडी वर उसळली की हिसका बसतो. पट्टा टायरवरून घेऊन चाकच ट्रेलरला जखडलं, तर वरची गाडी आपल्या स्प्रिंगांवर खुशाल डुलते. पट्ट्याला त्याचं काहीच नसतं. मला हीच पद्धत पटते.

कोनही पाहा: ट्रेलरच्या फळीशी ३० अंशांत असलेल्या पट्ट्यातला ८७ टक्के ताण गाडीला आडवा धरतो, ६० अंशांत निम्माच. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. तो बहुधा पट्टा तुटण्याचा भार असतो. सुरक्षित भार त्याहून बराच कमी, पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर छापलेला.

गाडी ट्रेलरवर थोडी पुढे घ्या, म्हणजे जोडणीवर पुरेसा भार येतो. भार मागे गेला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. निघाल्यावर काही किलोमीटरवर थांबून प्रत्येक पट्टा अंगठ्याने दाबून बघा. टायरवर तो नीट बसेपर्यंत थोडा सैल होतोच; रॅचेटचे, म्हणजे पट्टा आवळणाऱ्या दातेरी खटक्याचे, एक-दोन दाते आणखी आवळावे लागतात.