अर्ध्या तासाचा पाठ : ‘रीडिंग रिकव्हरी’ची पार्श्वभूमी

वाचनात मागे पडलेल्या मुलाला रोज थोडा वेळ एकट्याला घेऊन शिकवण्याच्या कल्पनेला पद्धतशीर रूप मिळाले ते न्यूझीलंडमध्ये. ऑकलंड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मेरी क्ले यांनी १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या पीएच.डी.च्या संशोधनासाठी नुकत्याच शाळेत आलेल्या मुलांचे वाचन वर्षभर निरखले होते. १९७६ पासून त्यांनी शिक्षकांना हाताशी धरून जी पद्धत घडवली, ती १९८०च्या दशकात ‘रीडिंग रिकव्हरी’ या नावाने देशभर पोहोचली.

साधारण सहा वर्षांचे, वर्गात सर्वांत मागे असलेले मूल, रोज तीस मिनिटे, बारा ते वीस आठवडे असा हा कार्यक्रम होता. आधी ओळखीची पुस्तके वाचायची. मग काल दिलेले नवे पुस्तक मूल एकट्याने वाचत असताना शिक्षिका बरोबर शब्दाला बरोबरची खूण करणार आणि चुकलेला शब्द मुलाने उच्चारला तसाच टिपणार. त्यानंतर मुलाने रचलेले एक वाक्य पट्टीवर लिहून, कात्रीने तुकडे करून, पुन्हा जुळवायला द्यायचे आणि शेवटी नवे पुस्तक. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ त्या चुकांच्या नोंदीत होते. प्रशिक्षणही तसेच कसून व्हायचे : एकतर्फी काचेपलीकडे सहकारी बसत आणि समोर चाललेल्या पाठावर तिथल्या तिथे चर्चा करत.

१९८४ च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठामार्फत हा कार्यक्रम अमेरिकेत गेला, पुढे ब्रिटनमध्येही रुजला. २०१० मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने त्याच्या विस्तारासाठी मोठे अनुदान दिले आणि पहिलीतल्या मुलांवरचे तात्कालिक परिणाम चांगले दिसले.

वाद होता तो वेगळ्याच मुद्द्यावर. शब्द अडला की अक्षरांबरोबरच चित्र आणि वाक्याचा अर्थ यांवरून तो ओळखण्यास मुलांना प्रोत्साहन मिळे, आणि टीकाकारांच्या मते ही अंदाज बांधण्याचीच सवय होती. डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या पाठपुराव्यात, हे पाठ घेतलेली मुले तिसरी-चौथीत तुलनेच्या गटापेक्षा मागे आढळली. मात्र बऱ्याच मुलांची पुढची माहिती हाती नसल्यामुळे या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. २०२४ मध्ये खुद्द न्यूझीलंड सरकारने या कार्यक्रमाला निधी देणे थांबवण्याचा निर्णय घेतला आणि अक्षर-ध्वनी संबंध क्रमाने शिकवण्याच्या पद्धतीकडे शाळांना वळवले.