खर्रा व कौटुंबिक खर्च (नागपूर)

खर्रा : सुपारीची भरड, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेले चघळण्याचे मिश्रण. हे नाव विदर्भात रूढ असून अशाच मिश्रणाला पश्चिम महाराष्ट्रात व गुजरातेत मावा म्हणतात. नागपुरात पानठेल्यावर माल पन्नीत (प्लॅस्टिकच्या पातळ कागदात) घेऊन घासतात. सुपारीत तंबाखू-चुना मुरला की पुडी बांधून देतात. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. 2013 पासून खर्रा, मावा व सुगंधित तंबाखूही तीत आले. विक्री मात्र चालूच आहे.

घरखर्चातील त्याचा वाटा मोजणे किचकट आहे. केंद्र सरकारच्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत (2022–23) ‘पान, तंबाखू व मादक पदार्थ’ या शीर्षावर देशपातळीवर ग्रामीण भागात 3.79 टक्के, तर शहरी भागात 2.43 टक्के खर्च आढळला; 2011–12 मध्ये हे प्रमाण अनुक्रमे 3.21 व 1.61 टक्के होते. यात मद्यही मोडते, म्हणून सगळी वाढ तंबाखूच्या माथी मारता येत नाही. उलट खर्ऱ्यातील सुपारी पानाच्या पोटशीर्षात आणि जर्दा तंबाखूच्या पोटशीर्षात जातो. तयार पुडी कुठे धरायची हे सांगणाऱ्यावर व लिहून घेणाऱ्यावर ठरते. शिवाय माहिती बहुधा घरी सापडलेली व्यक्ती देते आणि पुडी घेतली जाते कामाच्या वाटेवर, पुष्कळदा उधारीवर. त्यामुळे नोंदलेला आकडा कमीच मानावा. पुडी तीस रुपयांची धरली व दिवसाला दोन लागल्या, तर महिन्याचे 1,800 रुपये होतात. रोजंदारीच्या घरात ही रक्कम लहान नाही.

हा पैसा कोणत्या गरजेतून कापला जातो, यावर मतभेद आहेत. आरोग्य-अर्थशास्त्राचे अभ्यासक रिजो जॉन यांच्या अभ्यासात (2008) तंबाखू वापरणाऱ्या भारतीय कुटुंबांत दूध, शिक्षण व स्वच्छ इंधन यांवरील खर्च कमी दिसला. अशा घरांची आवडनिवडच मुळात वेगळी असते, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही; तथापि गरीब कुटुंबांपुरते, तंबाखूमुळे इतर गरजा कापल्या जातात हे मत अधिक ग्राह्य वाटते. तंबाखूवरचा खर्च व त्यामुळे येणारा औषधोपचार वजा केल्यास देशात सुमारे दीड कोटी लोक अधिक दारिद्र्यरेषेखाली जातात, असा अंदाज 2011 मध्ये मांडला गेला.

सुपारीमुळे तोंड उघडेनासे होण्याचा विकार (मुखाचा उपश्लेष्मल तंतुमयता रोग) जडतो. त्यावरील उपचार, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयापर्यंतच्या फेऱ्या व बुडालेली मजुरी यांपैकी काहीही तंबाखूच्या शीर्षात दिसत नाही. उपचार वैद्यकीय खर्चात, फेऱ्या प्रवासखर्चात पडतात, आणि मजुरी कोठेच नाही.