टर्कीवर आळ कशाला?

थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे कृतज्ञतेच्या सणाचं जेवण उरकलं की अमेरिकेत घरोघरी माणसं सोफ्यावर पेंगतात आणि खापर फुटतं ताटातल्या टर्कीवर, म्हणजे कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्यावर. तिच्यातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) झोप आणतं म्हणे! ते टर्कीत असतं हे खरं, पण कोंबडीतही साधारण तेवढंच असतं. शिवाय प्रथिनांतली इतर अमिनो आम्लंही मेंदूत शिरायला त्याच वाटेवर गर्दी करतात, त्यामुळे एकट्या ट्रिप्टोफॅनचं फारसं चालत नाही. पेंग येते ती बटाटा, स्टफिंग (पावाचं सारण), पम्पकिन पाय (भोपळ्याचा गोड पदार्थ) आणि वाइन यांच्या ढिगाने. (पुरणपोळीनंतर आडवं होणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर ताट दुसऱ्यांदा भरलेलं असतं. बऱ्याच घरांत आळीपाळीने कृतज्ञता व्यक्त करतात. ती दुसऱ्या वाढीआधी केली, तर तेवढीच उसंत मिळेल.