पाईप दिसला की लगेच 'क्षणभंगुर आयुष्य' लिहू नका

सतराव्या शतकातल्या डच चित्रातला पाईप आणि एकोणिसाव्या शतकातल्या चित्रातला पाईप, दोन्हींचा अर्थ एकच असं धरून लिहिलेल्या कॅप्शन वाचून आता खरंच वैताग आलाय.

डच भाग बहुतेकांना माहितीये म्हणून पटकन सांगते. कवटी, विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ आणि शेजारी पाईप, म्हणजे आयुष्य धुरासारखं विरून जाणार, बायबलच्या स्तोत्रात आहे तसं. नाहीतर त्याच काळातला फ्लेमिश चित्रकार ब्राउवर, त्याच्या चित्रातले गुत्त्यात धूर सोडत बसलेले लोक. तेव्हा तिकडे तंबाखू 'पितात' असंच म्हणायचे, आपण सिगरेट पितो म्हणतो ना तसं, त्यामुळे पाईप आणि दारू एकाच पंगतीला.

पाईप मातीचा की लाकडाचा यात अडकू नका, मातीचे दोन्ही काळात आहेत. आणि त्याला चिलीम तर अजिबात म्हणू नका, प्लीज.

घोळ होतो तो पुढे. फ्रेंच चित्रकार एदुआर माने 1872 मध्ये हॉलंडला जाऊन सतराव्या शतकातल्या फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराची चित्रं बघून आला आणि 1873 मध्ये त्यानं 'ल बाँ बॉक' दाखवलं, बिअरचा ग्लास आणि पाईप घेऊन बसलेला गुबगुबीत माणूस, दिसायला अगदी डच, म्हणून लोक अर्थही डचच लावतात. पण रंगवायची ढब उचलली म्हणजे उपदेशही उचलला असं होत नाही ना! तो माणूस मजेत बसलाय आणि चित्रकाराला त्याचं काहीही खटकत नाहीये. त्याच काळातला फ्रेंच चित्रकार सेझान, त्याचे पत्ते खेळणारे शेतमजूर बघा, जुन्या डच चित्रात पत्ते आणि पाईप एकत्र आले की बऱ्याचदा दारू नि मारामारी, आणि इथे कुणाच्या तोंडात पाईप, पण सगळे गप्प, कुणाला कसली घाई नाही. पाईप म्हणजे इथे स्वतःचा निवांत वेळ, माझं तरी ठाम मत हेच.

सगळ्यात जास्त त्रास व्हॅन गॉगच्या 1888च्या खुर्चीचा. रिकामी खुर्ची, वर पाईप नि तंबाखू, म्हणून 'मृत्यू' लिहून मोकळे होतात. अहो, यानंच 1889 मध्ये बहिणीला लिहिलंय की आत्महत्येवर कादंबरीकार डिकन्सनं सांगितलेला उपाय मी रोज घेतो, ग्लासभर वाईन, पाव-चीज आणि पाईपभर तंबाखू. म्हणजे पाईप त्याला जगवत होता! आणि मृत्यू दाखवायला कवटी काय त्याला माहीत नव्हती? अँटवर्पला असताना 1886च्या सुमारास त्यानं धूम्रपान करणारा सांगाडा रंगवलाय, त्याच्या दातात सिगरेट आहे, पाईप नाही.