परेरा (आडनाव)

परेरा किंवा पेरेरा हे मूळचं पोर्तुगालचं आणि पोर्तुगालच्या डोक्यावर असलेल्या गॅलिसियाचं (हा भाग आता स्पेनमधे आहे) आडनाव. पोर्तुगालमधे सिल्वा, सांतोस, फरेरा यांच्या जोडीने ते पहिल्या पाचात येतं, पण आज जगातले बहुतेक परेरा पोर्तुगालच्या बाहेर राहतात, ब्राझीलमधे, श्रीलंकेत, गोव्यात, वसईत, अंगोलात, पॅरिसच्या उपनगरांत, हवाईच्या बेटांवर. आपल्याकडे हे आडनाव ऐकलं की समोरचा पटकन विचारतो, म्हणजे तुमचे पूर्वज पोर्तुगीज का? त्याचं उत्तर सगळ्यात आधीच देऊन टाकायला हवं कारण हा गैरसमज फार पसरलाय: आशियातल्या बहुतेक परेरांना हे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं, त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा इथल्याच मातीतले कोळी, भंडारी, शेतकरी, ब्राह्मण, सुतार असे होते.

अर्थ

पोर्तुगीजमधे पेरा म्हणजे नाशपाती, आणि परेरा म्हणजे नाशपातीचं झाड. झाडांची नावं करायची ही तिथली नेहमीची पद्धत, ऑलिव्हचं झाड ते ओलिवेरा, अंजिराचं ते फिगेरा, अक्रोडाचं ते नोगेरा, आणि आपल्याकडून आंबा नेल्यावर त्याच्या झाडालाही त्यांनी मांगेरा करून टाकलं. यात फरेरा मात्र धरू नका, शेवट सारखा असला तरी त्याचा संबंध लोखंडाशी आहे.

यातली एक गोष्ट मराठी माणसाला जवळची वाटेल. अमेरिकेतून जे फळ पोर्तुगीजांनी भारतात आणलं त्याला इथल्या पोर्तुगीज बोलीत पेरा म्हणायला लागले, म्हणून कोकणीत आजही ते पेर आहे आणि गोव्यात नाताळला त्याची जी वडी करतात ती पेराद. मराठीतला पेरू हा शब्दही त्या पेरावरूनच आला असं बरेच जण मानतात, काही जण तो पेरू देशाच्या नावाशी जोडतात. पहिली व्युत्पत्ती मला जास्त पटते कारण कोकणी पेर शेजारीच उभा आहे. म्हणजे परेरा आणि पेरू हे बहुधा एकाच घरातले शब्द.

उगम

पोर्तुगालच्या उत्तरेत आणि गॅलिसियात परेरा नावाची गावं, वाड्या, शेतमळे भरपूर आहेत, आणि गावावरून आडनाव घ्यायची पद्धत तिथे तशीच आहे जशी आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करायची. म्हणून सगळ्या परेरांचा मूळपुरुष एक असणं शक्य नाही, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या अनेक घरांनी ते वेगवेगळ्या गावांवरून घेतलं. त्यातलं एक घराणं मात्र १३व्या शतकापर्यंत चांगलंच वर आलं होतं, त्यांच्या ढालीवर नाशपाती नाही, लाल रंगावर चांदीचा क्रॉस आहे. याच घराण्यातला नुनो आल्वारिस परेरा (१३६० ते १४३१) हा पोर्तुगालचा सेनापती, १४ ऑगस्ट १३८५ला अल्जुबारोताच्या लढाईत त्याने कॅस्टिलच्या (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य) मोठ्या सैन्याला हरवलं आणि पोर्तुगालचं राज्य टिकलं. म्हातारपणी सगळं सोडून तो कार्मेलाइट मठात साधा ब्रदर होऊन राहिला आणि २००९मधे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संत जाहीर केलं. त्याच्या मुलीचं लग्न ब्रागांझाच्या पहिल्या ड्यूकशी झालं, त्यामुळे पुढे पोर्तुगालवर राज्य करणारं ब्रागांझा घराणंही आईकडून परेरांचंच.

ज्यू परेरा

झाडाचं आडनाव म्हणजे बाटवलेला ज्यू, असं एक ठोकताळ्याचं मत इंटरनेटवर सगळीकडे फिरतं. ते अर्धंच खरं आहे. १४९७मधे पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं तेव्हा त्यांनी चालू असलेली नेहमीचीच आडनावं घेतली, परेराही घेतलं, पण त्याआधीपासून जुन्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचं आणि सरदारांचं ते होतंच, त्यामुळे नुसत्या आडनावावरून काहीच सिद्ध होत नाही.

इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, भीतीने जे पळाले ते ॲमस्टरडॅम, लंडन, बोर्दो इथे जाऊन परत उघडपणे ज्यू झाले आणि परेरा हे नाव तिथेही गेलं. त्यातला जाकोब रॉद्रिगेस परेरा (१७१५ ते १७८०) हा फ्रान्समधे जन्मतः बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायचा, त्या काळात अशी मुलं शिकूच शकत नाहीत असं लोक धरून चालायचे. त्याचे नातू एमिल आणि इझाक, स्पेलिंग थोडं बदलून पेरेर, यांनी पॅरिसहून निघणारी पहिली प्रवासी रेल्वे १८३७मधे सुरू केली आणि १८५२मधे क्रेदी मोबिलिए ही बँक काढली. पॅरिसच्या मेट्रोत पेरेर नावाचं स्टेशन आहे ते त्यांच्यावरूनच.

भारतात

भारतात हे नाव आधी माणसांबरोबर आलं. दुआर्ते पाशेको परेरा याने १५०४मधे थोडक्या लोकांनिशी सामुतिरीच्या, म्हणजे कालिकतच्या राजाच्या, सैन्यापुढे कोची राखली, आणि सेंट फ्रान्सिस झेवियरचा मित्र असलेला दिओगो परेरा हा व्यापारी १५५२मधे त्याला आपल्या जहाजातून चीनला न्यायला निघाला होता पण मलाक्काच्या (आजच्या मलेशियातलं बंदर) कप्तानाने दिओगोलाच पुढे जाऊ दिलं नाही. अशी माणसं मोजकीच. आडनाव पसरलं ते धर्मांतरांमुळे.

गोवा १५१०मधे गेलं, वसई १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळाली. बाप्तिस्मा देताना नवं नाव द्यायचं, आणि आडनाव बहुतेक वेळा धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याच्या वेळी जबाबदारी घेणारा, गॉडफादर) किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं लागायचं. धर्मपिता कोण, तर कधी एखादा शिपाई, कधी अधिकारी, कधी आधीच ख्रिस्ती झालेला गावातलाच माणूस. एकाच घरातल्या भावांना वेगवेगळे धर्मपिते मिळाले तर एक परेरा व्हायचा आणि दुसरा फर्नांडिस, तर दुसरीकडे काही संबंध नसलेली चार घरं एकाच दिवशी परेरा व्हायची. म्हणून गोव्यात किंवा वसईत दोन परेरांचं लग्न ठरलं की आडनाव एक म्हणून कुणी थबकत नाही, भावकी आहे की नाही ते वेगळ्या खुणांनी ओळखतात. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती लोकांना कुपारी म्हणतात, तो शब्द पोर्तुगीज कॉम्पाद्रेवरून, म्हणजे मुलाचा बाप आणि धर्मपिता यांच्यातल्या नात्याच्या शब्दावरून आला असं मानतात, या धर्मपित्याच्या नात्याचं वजन किती होतं ते त्यावरून कळतं.

मे १७३९मधे चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले, आणि आडनावं राहिली. हे मला या सगळ्या इतिहासातलं फार मोठं वाटतं, की राज्य जाऊन २८० वर्षं होऊन गेली, घरात बोली मराठीचीच, लग्नातली गाणी मराठीच, आणि पाटीवर परेरा, डिमेलो, लोपीस, तुस्कानो. मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७मधे ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, बाहेरून नोकरीला येणाऱ्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे कळावं म्हणून, कारण आडनावं सगळ्यांची तीच होती. साकीनाक्याला परेरावाडी आहे ती अशाच जुन्या वस्तीची आठवण. मंगळूरच्या कॅथलिकांमधे परेरांबरोबर प्रभू, कामत, शेट अशी जुनी आडनावंही काही घरांनी सांभाळलीत. खाली तमिळनाडूत तुतुकुडीच्या किनाऱ्यावर परवर मासेमार १५३०च्या दशकात ख्रिस्ती झाले, त्यांच्यात आणि केरळच्या लॅटिन कॅथलिकांमधेही परेरा आहेत, आणि तिकडे बांगलादेशात ढाक्याच्या आसपासच्या कॅथलिक गावांत गोम्स आणि रोझारिओंच्या शेजारी पेरेरा आहेत.

परेरा की पेरेरा? दोन्ही चालतं, पण वसईकर जे परेरा लिहितात ते चुकीचं आहे असं सांगणाऱ्यांनी एकदा पोर्तुगीज माणसाच्या तोंडून हे नाव ऐकावं. लिस्बनमधे पहिलं अक्षर इतकं दबतं की प्रैरा ऐकू येतं, म्हणजे कानाने ऐकून लिहिलेलं परेरा त्याच्या जास्त जवळ आहे, पेरेरा हे रोमन स्पेलिंग वाचून आल्यासारखं वाटतं.

श्रीलंका

पोर्तुगाल आणि ब्राझील सोडले तर या आडनावाचं सगळ्यात ठळक घर श्रीलंका. तिथे स्पेलिंगमधला एक स्वर गळून ते सिंहलीत पेरेरा झालंय आणि देशातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते मोडतं. पोर्तुगीज तिथे १५०५मधे पोचले आणि १६५८मधे डचांनी त्यांना पूर्ण हाकललं, म्हणजे दीडशे वर्षं, तीही मुख्यतः किनाऱ्यावर. तरी नाव एवढं रुजलं कसं, तर डचांच्या काळातही जन्म, लग्न, जमिनीचा वारसा हे सगळं चर्चच्या वह्यांत नोंदवायला लागायचं आणि सरकारी काम हवं तर बाप्तिस्मा झालेला असणं गरजेचं होतं, त्यामुळे मनाने बौद्ध असलेली घरंसुद्धा कागदावर पेरेरा, सिल्वा, फर्नांडो राहिली, आणि पुढे इंग्रजांच्या काळात मोकळेपणाने बौद्ध झाल्यावरही त्यांनी नाव टाकलं नाही. म्हणून श्रीलंकेत पेरेरा म्हटल्यावर माणूस ख्रिस्ती असेल असं धरता येत नाही. समाजवादी नेते आणि अर्थमंत्री एन. एम. पेरेरा बौद्ध घरातले. १९व्या शतकाच्या शेवटी ही नावं सोडून द्या अशी चळवळही झाली, बौद्ध सुधारक अनागारिक धर्मपाल यांनी स्वतःचं डॉन डेव्हिड हे नाव टाकलं, पण आडनावांचा ढीग काही हलला नाही.

आणि खरं घराणं कुठे गेलं? ते नावाच्या सुरुवातीच्या भागात बसलंय. क्रिकेट बघणाऱ्यांना तिसारा परेरा माहीत आहे, त्याचं पूर्ण नाव नारंगोडा लियनआराच्चिलागे तिसारा चिरंथा परेरा. शेवटचा गे म्हणजे च्या घरचा, आराच्ची हा गावकारभारातला हुद्दा, आणि लियन म्हणजे लिहिण्याचा, आपल्या लिहिणेचाच भाऊ. तसंच दिलरुवान परेराच्या नावात महावडुगे आहे, वडु म्हणजे सुतार. कुसल परेरा, ज्याने फेब्रुवारी २०१९मधे डर्बनला नाबाद १५३ करून एका विकेटने टेस्ट जिंकून दिली, त्याच्या नावात माथुरागे आणि डॉन, आणि हा डॉन पोर्तुगीज दोम या मानाच्या शब्दावरून आलेला. तीन परेरा एकाच काळात एका देशाकडून खेळले आणि घराणी तिघांची वेगळी, हे नुसतं पूर्ण नाव वाचलं तरी कळतं.

पूर्वेला आणखी पुढे

मलाक्का १५११ ते १६४१ पोर्तुगीजांकडे होतं, तिथल्या क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीज-मलय मिश्र वंशाच्या, लोकांत आणि त्यांच्यामुळे सिंगापूरमधे परेरा आहेत. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर याचं रोमन स्पेलिंग Parera असं करतात, अगदी आपल्या परेरासारखं. तोमास परेरा हा जेझुइट पाद्री पेकिंगला कांगशी बादशहाच्या दरबारात संगीत शिकवायचा आणि १६८९च्या नेरचिन्स्कच्या रशिया-चीन तहात तो दुभाषा होता.

ब्राझील, आफ्रिका, अमेरिका

आकड्याने बघितलं तर सगळ्यात जास्त परेरा ब्राझीलमधे. तिथे पोर्तुगालहून गेलेली घरं खूपच, पण आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांनाही मालकाचं किंवा पाद्रीचं नाव लागलं, आणि १८८८मधे गुलामी बंद झाली तेव्हा तेच आडनाव घेऊन ती माणसं मोकळी झाली. पोर्तुगीज पद्धतीत आईचं आडनाव आधी आणि वडलांचं नंतर येतं, म्हणून परेरा पुष्कळदा नावाच्या मधे सापडतं, जसं १९१४ ते १९१८ राष्ट्राध्यक्ष असलेले वेन्सेस्लाउ ब्रास परेरा गोमेस. अर्जेंटिना आणि उरुग्वेत स्पॅनिश वळणाने स्पेलिंग बदलतं. कोलंबियात तर अख्खं परेरा शहर आहे, १८६३मधे वसलेलं, फ्रान्सिस्को परेरा मार्तिनेस यांच्या नावाचं.

आफ्रिकेत केप व्हर्डेचे पहिले राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेस परेरा (१९७५ ते १९९१), आणि गिनी-बिसाऊमधे कार्मेन परेरा यांनी मे १९८४मधे दोन-तीन दिवस देशाचं प्रमुखपद सांभाळलं.

अमेरिकेत मजेशीर झालं. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचे लोक देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवरून न्यू बेडफर्डला उतरले, आणि १८७८पासून मदेरा (हेही पोर्तुगालचंच बेट) आणि अझोर्सची कुटुंबं हवाईत उसाच्या मळ्यांवर गेली, आणि तिथे कारकुनाला जमेना म्हणून किंवा स्वतःला सोयीचं म्हणून कित्येक परेरांचं पेरी झालं. एरोस्मिथ या रॉक बँडचा गिटारवाला जो पेरी याचं घराणं असंच मदेराचं परेरा. इंग्रजीतलं मूळचं पेरी हे आडनावही जुन्या इंग्रजीतल्या नाशपातीच्या झाडावरूनच आलेलं आहे, म्हणजे नुसता आवाज जुळवायला गेले आणि अर्थही जुळला. सान फ्रान्सिस्कोचा ट्रान्सअमेरिका पिरॅमिड बांधणारे आर्किटेक्ट विल्यम परेरा यांच्या घरात मात्र नाव आहे तसंच राहिलं.

१९६०च्या दशकापासून पोर्तुगालमधली गरिबी आणि आफ्रिकेतल्या वसाहतींमधली युद्धं टाळून लाखो लोक फ्रान्स, लक्झेंबर्ग, स्वित्झर्लंडला गेले, तिथले परेरा हे बहुतेक खरोखर पोर्तुगीजच.

आडनाव आणि पासपोर्ट

परेरा आडनाव आहे म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो का, हा प्रश्न गोव्या-मुंबईत सारखा येतो. नाही मिळत. कायदा बघतो ते जन्माची नोंद. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोवा, दमण, दीवमधे पोर्तुगीज राजवटीत ज्याचा जन्म नोंदवला गेला तो आणि त्याची मुलं-नातवंडं अर्ज करू शकतात, मग आडनाव परेरा असो की कामत. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या, ज्यूंच्या वंशजांसाठी २०१५पासून वेगळी वाट उघडली तेव्हा आडनावांच्या याद्या सगळीकडे फिरल्या, पण नुसत्या आडनावावर तिथेही भागत नव्हतं. आणि वसईच्या परेरांना, ज्यांच्या घरात हे नाव गोव्यातल्या कित्येक घरांइतकंच जुनं आहे, यातलं काहीच लागू होत नाही, कारण त्यांचं गाव १७३९लाच पोर्तुगालच्या हातातून गेलं.