सकाळी कॉम्प्युटर लवकर सुरू होत नाही? आधी घड्याळ लावून बघा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“भाऊ, कॉम्प्युटर लवकर चालूच व्हत नही.” सकाळी दहा-साडेदहाला आमच्याकडे येणारे बरेचसे फोन याच वाक्याने सुरू होतात. पतपेढीत काउंटरसमोर माणसे उभी असतात, केळीची गाडी भरून तयार असते पण बिल्टी निघत नाही, आणि पडद्यावर ठिपके गोल फिरत राहतात. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला: “नवीनच घेऊन टाकू का?”

घाई करू नका. नवीन मशीन आणले, जुन्याच वायरला जोडले आणि चौथ्या दिवशी तीच तक्रार परत आली, असे आम्ही अनेक ऑफिसांत पाहिले आहे. दोष मशीनमध्ये नव्हताच, तर मशीन बदलून काय होणार? म्हणून आमची पहिली विनंती: मोबाइलचे स्टॉपवॉच लावा आणि तीन टप्प्यांना लागलेला वेळ लिहून ठेवा. बटण दाबल्यापासून पासवर्ड विचारेपर्यंत किती, पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत किती, आणि डेस्कटॉप दिसल्यापासून तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत किती. “खूप वेळ लागतो” एवढेच कळले तर आम्ही अंदाजाने येतो. तीन आकडे कळले तर सामान घेऊन येतो.

पासवर्ड विचारण्याआधीच उशीर होत असेल

इथे नेटवर्कचा संबंध फारसा नसतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून वाचणारी दांडी पुढे-मागे सरकते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, आणि सगळा वेळ त्या दांडीच्या धावपळीत जातो. एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारा भागच नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. सुरू झाल्यावर कितीतरी मिनिटे डिस्कपुढे १०० टक्के दिसत राहिले, तर रॅम वाढवण्याआधी डिस्क बदला. एसएसडी टाकण्याआधी ते मशीन विंडोज ११ चालवू शकते का, हे आम्ही तपासतो. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आहेत. जे मशीन पुढे चालणार नाही, त्यावर तुमचे पैसे घालायचे आम्हाला पटत नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. बंद करा आणि आम्हाला बोलवा. अशा वेळी वेगापेक्षा आतला डेटा महत्त्वाचा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे ऊन आणि कापसाची तूस. एका जिनिंगच्या ऑफिसातले मशीन उघडले तेव्हा पंख्याच्या खाली, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर, तुसेची अक्षरशः गादी बसली होती. हवा जायला जागा नसली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तर विचारूच नका. जिनिंग, दालमिल आणि मिरचीच्या आडतीतल्या ग्राहकांनी हंगाम संपल्यावर एकदा आणि होळीच्या आसपास एकदा मशीन साफ करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. त्यामुळे “रोज बंद करतो तरी अडकते” ही तक्रार खरी असते. आठवड्यातून एकदा, शनिवारी जाताना, रीस्टार्ट करा आणि मग बंद करा.

पासवर्ड टाकल्यानंतर “वेलकम”वरच अडकत असेल

ज्यांच्याकडे सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची ओळख तपासणारे मुख्य मशीन आहे आणि सगळे त्याच्यावर लॉगिन करतात, त्यांनी हा भाग नीट वाचावा. आधी एक सोपी चाचणी. नेटवर्कची वायर काढा, वायफाय असेल तर तेही बंद करा आणि नेहमीच्या नावाने लॉगिन करा. त्या मशीनवर तुम्ही आधी लॉगिन केलेले असले तर विंडोज आत घेते, कारण मूळ सेटिंगप्रमाणे ते आधीच्या १० लॉगिनची ओळख जपून ठेवते. वायर काढल्यावर लगेच डेस्कटॉप आला, तर मशीन ठीक आहे. दोष नेटवर्कमध्ये शोधायचा.

सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, चुकीचा पत्ता. लॉगिन करताना कॉम्प्युटरला आधी विचारावे लागते, “आपला सर्व्हर कुठे आहे?” हे तो डीएनएसला विचारतो. तिथे राउटरचा किंवा ८.८.८.८ असा बाहेरचा पत्ता टाकलेला असेल, तर त्या डीएनएसला जगातल्या वेबसाइट माहीत असतात, पण तुमच्या पोटमाळ्यावरचा सर्व्हर माहीत नसतो. सुभाष चौकातल्या दुकानाचा पत्ता दिल्लीत जाऊन विचारण्यासारखे आहे हे. कॉम्प्युटर विचारतो, थांबतो, परत विचारतो, शेवटी जुन्या ओळखीवर कसाबसा आत घेतो. खूण अशी की इंटरनेट झकास चालते आणि लॉगिनला मात्र पाच मिनिटे लागतात. बहुतेकदा नेट बंद पडले तेव्हा कोणीतरी चांगल्या हेतूने तो आकडा टाकलेला असतो. ऑफिसच्या मशीनमध्ये डीएनएस म्हणून फक्त तुमच्या सर्व्हरचाच पत्ता हवा. दुसऱ्या रकान्यात “असू द्या” म्हणून बाहेरचा पत्ता टाकणेही चूकच. बाहेरच्या वेबसाइटची चौकशी सर्व्हर स्वतः पुढे करतो.

दुसरे कारण पन्नास रुपयांच्या आतले आहे. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटणसेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर मशीनची तारीख मागे जाते. सर्व्हर आणि मशीन यांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर, मूळ सेटिंगप्रमाणे, सर्व्हर ओळख मानत नाही. पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नसेल तर उजवीकडे खाली तारीख-वेळ बघा. नुसती वेळ दुरुस्त करून थांबू नका, सेल बदला.

तिसरी गोष्ट वीज आल्यानंतरची. रात्री लाइट गेली, सकाळी आली, आणि शिपायाने मेन बटण टाकताच सगळे एकदम चालू झाले. साधी मशीन सर्व्हरच्या आधी उठतात आणि जो अजून जागाच झालेला नाही त्याला हाका मारत बसतात. क्रम असा ठेवा: आधी राउटर आणि स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी), मग सर्व्हर, आणि सर्व्हरवर लॉगिनचा पडदा दिसून पाच-सात मिनिटे झाली की बाकीची मशीन. हा कागद मेन बटणाजवळ चिकटवा. यूपीएसवर सर्व्हर आणि स्विच दोन्ही घ्या. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या साध्या सॉकेटला, असे आम्हाला निम्म्या ठिकाणी दिसते आणि वाईट वाटते, कारण सर्व्हर चालू राहूनही त्याच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही.

वायरही तपासा. आतल्या आठ तारांपैकी एक उंदराने कुरतडली तर लाइन बंद पडतेच असे नाही. १००० एमबीपीएस वेगाची जोडणी १०० वर येते, कारण तेवढ्याला चारच तारा लागतात. काम चालत राहते आणि कोणाला शंका येत नाही. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा आकडी पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही. महागडा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच बसवला असेल तर त्याचे पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, चालू होताना सुमारे ३० सेकंद थांबतात. ही थांबण्याची सेटिंग आम्ही फक्त मशीनच्या पोर्टवर काढतो. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर ती काढायला कोणी सांगितले तर ऐकू नका, वायर चुकून गोल जोडली गेली तर सगळे ऑफिस बंद पडेल.

काही ऑफिसांत प्रत्येकाचा डेस्कटॉप सर्व्हरवरून येतो. तिथे डेस्कटॉपवर लग्नाचे व्हिडिओ ठेवले की तेही लॉगिनबरोबर वाहून आणावे लागतात. बंद झालेल्या जुन्या सर्व्हरची ड्राइव्ह आणि विकून टाकलेला नेटवर्क प्रिंटर यादीत राहिला, तरी विंडोज त्यांची वाट बघते. ते काढून टाका.

सर्व्हर नसेल आणि एकाच साध्या मशीनवरचे फोल्डर सगळे वापरत असतील, तर साध्या विंडोजवर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. वाढत्या ऑफिसाला हे कधीतरी अडवतेच.

डेस्कटॉप आल्यानंतर

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी उघडा आणि गरज नसलेले बंद करा. अँटीव्हायरस एकच ठेवा. दोन असले की एकाच फायलीची दोघे झडती घेतात.

फोन करताना तीन वेळांचे आकडे, वायर काढल्यावर काय झाले ते आणि पडद्यावर संदेश असेल तर त्याचा फोटो तयार ठेवा. एकाच मशीनला त्रास आहे की सगळ्यांना, तेही सांगा. सगळ्यांना असेल तर आमचा माणूस आधी सर्व्हर आणि स्विच बघेल, तेव्हा त्या खोलीची किल्ली हाताशी असू द्या. पासवर्ड मात्र फोनवर सांगू नका. आमचा माणूस तो विचारणार नाही, आणि कोणी आमचे नाव सांगून विचारलाच तर फोन ठेवून आम्हाला कळवा.