मेनफ्रेमवरचा सीपीयू वेळ वापरकर्त्याच्या नावे कसा लागू लागला

मेनफ्रेम, म्हणजे अनेकांचं काम करणारं मोठं संगणक-मशीन, एका वेळी एकच काम करत होतं तोवर सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) वेळेचा हिशेब सोपा होता. काम सुरू कधी झालं, संपलं कधी, मधली मिनिटं त्या खात्यावर. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली आणि पुढे तिची ऑपरेटिंग सिस्टिम ओएस/३६० एकाच मेमरीत अनेक जॉब (कामं) ठेवू लागली, तिथे हे गणित मोडलं. एक जॉब टेपची वाट पाहत बसला की प्रोसेसर दुसऱ्याकडे जातो, भिंतीवरचं घड्याळ मात्र दोघांसाठीही चालूच राहतं.

मोजायचं साधनही तोकडं होतं. मेमरीच्या ८० व्या पत्त्यावरचा इंटरव्हल टायमर साध्या रूपात विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालायचा. एकक सेकंदाचा १/३०० भाग, पण ६० हर्ट्झवर आकडा सेकंदाला ६० वेळा पाच-पाचने उतरायचा आणि ५० हर्ट्झवर ५० वेळा सहा-सहाने. १६ ते २० मिलिसेकंदांपेक्षा बारीक काही त्याला दिसतच नसे. मायक्रोसेकंदाच्या पातळीवरचा सीपीयू टायमर सिस्टिम/३७० बरोबर आला.

कुणी किती वापर केला याच्या नोंदी लिहिणारी एसएमएफ ही सुविधा ओएस/३६० मधलीच. स्टेप (जॉबमधला एक टप्पा) संपली की टाइप ४ ची नोंद, जॉब संपला की टाइप ५ ची. त्यांत वापरकर्ता असा कुणी नव्हताच. जॉबचं नाव, अकाउंट क्रमांक आणि प्रोग्रामरच्या नावासाठी वीस अक्षरं होती, ती जॉब कार्डावर (जॉबच्या सुरुवातीच्या ओळीवर) ज्याने जशी लिहिली तशी. १९७६ मध्ये रॅकएफ ही सुरक्षा-प्रणाली आल्यावर तपासलेला युजर आयडी मिळाला. नंतरच्या टाइप ३० या नोंदीने ४, ५, २०, ३४, ३५ आणि ४० मधली माहिती एकत्र केली, आणि तेव्हापासून कामाचे रकाने तीन: एसएमएफ३०आरयूडी म्हणजे युजर आयडी, एसएमएफ३०सीपीटी म्हणजे टीसीबी वेळ (प्रोग्रामच्या नेहमीच्या कामाचा), एसएमएफ३०सीपीएस म्हणजे एसआरबी वेळ (सिस्टिमने त्याच्यासाठी केलेल्या कामाचा). या दोन्ही वेळांचे आकडे सेकंदाच्या शंभराव्या भागात. झिपवर (zIIP, ठरावीक कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर) गेलेला वेळ वेगळ्या रकान्यात असतो, तो विसरला तर डीबी२ हा डेटाबेस वापरणारे उगाच स्वस्त दिसतात.

बेरीज सर्वात जास्त बिघडते ती टाइप ३० च्या सबटाइपमुळे, म्हणजे उपप्रकारांमुळे. २ ही ठरावीक अंतराने पडणारी नोंद, ३ हा स्टेप संपताना उरलेला तुकडा, ४ ही पूर्ण स्टेप, ५ हा पूर्ण जॉब. २ आणि ३ ची बेरीज म्हणजेच ४, आणि सगळ्या ४ ची बेरीज म्हणजेच ५. टाइप ३० सरसकट उचलून बेरीज मारली की तोच वेळ तीनदा मोजला जातो. फक्त ५ घेतला तर महिनाभर चालणाऱ्या स्टार्टेड टास्कचा (पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या कामाचा) सगळा वेळ तो बंद होईल त्या दिवशी येऊन पडतो, आणि सिस्टिम कोसळली तर येतच नाही. म्हणून हिशेब २ आणि ३ वर उभा करावा. त्यासाठी एसएमएफपीआरएम या एसएमएफच्या सेटिंग असलेल्या मेंबरमध्ये (फाइलमध्ये) इंटरव्हल, म्हणजे ठरावीक अंतराची नोंद, चालू आहे ना, हे आधी पाहावं.

तरीही टाइप ३० चा एकक अॅड्रेस स्पेसच (एका कामाला मिळालेली मेमरीची स्वतंत्र जागा) राहिला. टीएसओमध्ये, म्हणजे टर्मिनलवरून थेट काम करण्याच्या सोयीत, एक माणूस म्हणजे एक अॅड्रेस स्पेस, तिथे हे चपखल बसतं. सिक्स (CICS) या व्यवहार हाताळणाऱ्या प्रणालीत मात्र शेकडो लोक एका रीजनमध्ये, म्हणजे तिच्या एकाच अॅड्रेस स्पेसमध्ये, असतात आणि सगळा वेळ रीजनच्या आयडीवर जातो. तिथे टाइप ११० च्या ट्रान्झॅक्शन (व्यवहार) नोंदी घ्याव्या लागतात, डीबी२ साठी टाइप १०१. त्यांचा वेळ रीजनच्या टाइप ३० मध्ये आधीच आलेला असतो. तेव्हा या नोंदींच्या आधारे रीजनचा वेळ वाटून द्यायचा, वर मिळवायचा नाही.

शेवटी टाइप ७० मधला प्रोसेसरचा एकूण व्यग्र वेळ आणि टाइप ३० ची बेरीज शेजारी ठेवली की फरक उरतोच. इंटरप्ट (मध्येच आलेले इशारे) हाताळणं, डिस्पॅचिंग (पुढचं काम प्रोसेसरला देणं) यांसारखी कामं कुठल्याच अॅड्रेस स्पेसच्या नावे लागत नाहीत. बिल आकारणारी बहुतेक केंद्रं तो फरक वापराच्या प्रमाणात सगळ्यांवर पसरवतात.